बाईंचा आकडा

२ मार्च
आले एकदाची! जलशुद्धीकरण केंद्राच्या आवारातच क्वार्टर मिळालं. दोन खोल्या, ऐसपैस स्वयंपाकघर, खिडकीतून गाळणीचे हौद दिसतात. खोकी उघडायच्या आधी नवऱ्याने चहा टाकला. चिमणीने, म्हणजे आमच्या सहा वर्षांच्या लेकीने, घरातल्या प्रत्येक नळाचं पाणी चाखून पाहिलं. माझं काम संगणकावर पाण्याचं मॉडेल करायचं. नदीचं पाणी आज असं आहे, त्यात इतकी तुरटी, इतका चुना, इतकं क्लोरीन पडलं, तर गावातल्या कुठल्या नळाला कसं पाणी येईल, हे आधीच सांगायचं. जाम आवडतं मला हे. आणि मी त्यात पटाईत आहे, हे इथे लिहायला काय हरकत?

५ मार्च
इथली पद्धत मजेशीर आहे. सकाळी फळ्यावर अंदाज लिहायचा. दुपारी प्रयोगशाळेतल्या ताई पाणी तपासून शेजारी खरा आकडा लिहितात. पण अंदाजाचे रकाने दोन! एक माझा, दुसरा बाईंचा. बाई म्हणजे माझ्या आधीच्या रसायनतज्ज्ञ. गेल्या वर्षी आजारपणात वारल्या, त्यांचं मॉडेल मात्र कुणी बंद केलेलं नाही. पंपवाले काका माझ्याकडे न बघताच विचारतात, बाई आज काय म्हणतायत? मला हसूच फुटलं. मेलेल्या माणसाशी शर्यत लावलीय माझी.

१० मार्च
हसू पार आटलं. रोज त्याच जिंकतात. मी गाळाचं गणित सुधारलं, पाण्याचं तापमान घातलं, तरी मी जवळपास आणि त्या अचूक. साहेब म्हणाले, शिका जरा बाईंकडून. कुणाकडून शिकू, भिंतीवरच्या फोटोकडून? जेवताना नवरा म्हणाला, इथलं पाणी छान आहे, बाईंनी अगदी घडी बसवून दिलीय म्हणे. मी ताट असं आपटलं की चिमणी दचकली. हो, जळते मी. अंगाचा तिळपापड होतो त्यांचं नाव काढलं की. माझ्या घरात, माझ्या ताटावर बसून त्यांचं कौतुक कशाला?

१४ मार्च
आज बाईंचं मॉडेल उघडलं आणि टेकडीवरच्या टाकीचा उद्याचा पीएच सरळ ४ करून टाकला. पीएच म्हणजे पाणी किती आंबट ते सांगणारा आकडा. सातच्या आसपास असला की ठीक, खाली गेला की आंबट. चार म्हणजे संत्र्याचा रसच. चुना व्यवस्थित पडतोय, त्यामुळे असं होणं शक्यच नाही. उद्या सगळ्यांदेखत बाईंचं नाक कापलं जाईल. आज गाढ झोप लागणार मला.

१५ मार्च
चार. ताईंनी पुन्हा तपासलं, यंत्र बदलून तपासलं. चारच. टेकडीवरच्या लोकांनी आंबट म्हणून थुंकून टाकलं, पाणी तोडावं लागलं. आणि साहेब काय म्हणाले? बाईंनी सकाळीच सांगितलं होतं, आपणच ऐकलं नाही. म्हणजे करणी माझी आणि श्रेय तिला! मला भीती वाटायला हवी होती. आधी संतापच आला.

१६ मार्च
बाईंच्या मॉडेलमध्ये गुपचूप ७.२ लिहिलं. पाणी ७.२ झालं.
म्हणजे ती अंदाज करतच नाही. ती सांगते आणि पाणी ऐकतं.

१८ मार्च
तिच्या मॉडेलमध्ये गावाचा नकाशा आहे, प्रत्येक नळाला एक ठिपका आणि त्याचा आकडा. त्यावर आज नवा ठिपका आलाय. तिथे नळ नाही, पाइप नाही. आणि तो हलतो. सकाळी आमच्या क्वार्टरमधून निघाला, रस्त्याने शाळेत गेला, मधल्या सुट्टीत मैदानभर पळाला. संध्याकाळी घरात शिरला, तेव्हा चिमणी दारात दप्तर टाकत होती.
माणसाच्या अंगात निम्म्याहून जास्त पाणीच तर असतं —
ठिपक्यावर ७.४. निरोगी रक्ताचा पीएच तोच असतो. माझ्या पोरीला हात लावू नकोस, बये.

१९ मार्च
७.३. चिमणी दवाखान्यात निपचित पडलीय. डॉक्टर म्हणतात रक्त आंबट होत चाललंय, कारण सापडत नाही, सातवर उतरलं तर पोर हाती लागणार नाही. मी लॅपटॉपवर तिच्या ठिपक्यापुढे ७.४ लिहिते, आकड्याची चौकट घेत नाही. पुन्हा लिहिते — घेत नाही —
७.२ —

२० मार्च
माझं मॉडेल पुसून टाकलं. फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, टेकडीचा आकडा मी बिघडवला, बाई बरोबर, मी चूक. साहेब बघतच राहिले. बघू देत.
७.३ — ७.४ —
उठून बसली. घरी आणलं. माझं सोनं गं.

२१ मार्च, दुपार
नवऱ्याला सगळं सांगितलं. तर म्हणतो, बाई देवमाणूस, त्यांनीच वाचवलं. त्यांनी! उशाशी मी बसले होते, मी! आणि चिमणी म्हणते, पाणी बाईंनी पाजलं, त्यांचा हात तुझ्यापेक्षा मऊ आहे, त्या आता रोज येणार आहेत —
माझी पोर आहे ती. माझी.

ठिपक्याचा उद्याचा आकडा आलाय, ७.४. बरोबर आहे, कळतंय मला. पण तो तिचा आहे. तिच्या आकड्यावर जगायचं माझ्या लेकीने? तोच आकडा मी लिहीन. माझ्या हाताने.
चौकट आज घेतेय. मुद्दाम मोकळी सोडलीय का तिने —

खोडला तिचा. चौकट रिकामी.
आतल्या खोलीत चिमणी गाणं म्हणत होती, मध्येच थांबली —
लिहितेय, लिहितेय — ७ —
पुढचं टिंब उमटत नाही — बटण दाबतेय — ७ — नुसता ७ — खोडताही येत नाही — नवरा आतून ओरडतोय — अहो बाई, ऐका ना, तुमचाच लिहा, तुमचाच —