कोरा राहिलेला रकाना

निवासी शाळा,
मंगळवार, ३ मार्च

ती. स्व. आत्यांस,
कृ. सा. न. वि. वि.

सर्वप्रथम क्षमा मागते. नऊ वर्षांत आपणांस एक ओळ लिहिली नाही, आणि आज लिहिते ती गरज पडली म्हणून. हा उद्धटपणा आहे हे मला कळते. आपली भेट एकदाच झाली. मी आठ वर्षांची होते. शाळेच्या पहिल्या सुट्टीत बाबांनी मला जिन्याखालच्या आपल्या दुकानात आणले होते आणि आपण डोळ्याला भिंग लावून माझे छोटे घड्याळ उघडले होते. मी तासभर अवाक्षर बोलले नाही, तेव्हा ही मुलगी आहे की मुलीचा फोटो, असे आपण बाबांना विचारले होते. ते घड्याळ अजून माझ्या मनगटावर आहे आणि रोज शाळेच्या घंटेशी बरोबर जुळते. एवढ्याच आधारावर लिहिण्याचे धाडस करते.

येथील सर्व ठीक. शेवटच्या वर्गाची परीक्षा येत्या सोमवारी सुरू होईल. सराव परीक्षेत पहिली आले. वर्गात मात्र अभ्यासाचे कोणी बोलत नाही. शाळा सुटल्यावर कोण काय करणार, हेच चालते. माझ्या खोलीतल्या सोबतिणीला आम्ही सगळ्या खारूताई म्हणतो. तिला जहाजावर स्वयंपाकी व्हायचे आहे. तिने अजून समुद्र पाहिलेला नाही आणि अंडे उकडायला टाकतानाही ते फुटते. पण जहाजावरचे लोक पळून कुठे जाणार, असे ती म्हणते.

माझेही ठरलेले आहे, असे सर्वांना वाटते. बाबांनी विद्यापीठाचा प्रवेश अर्ज पाठवला होता. मी तो भरला, एकही खाडाखोड नाही. आणि गेले वीस दिवस तो मोठ्या शब्दकोशाच्या पानांत दडवून ठेवला आहे. बाबांना मात्र अर्ज रवाना केल्याचे कळवले. त्यांनी पुलाच्या कामावर सर्वांना सांगून टाकले. क्रेन चालवणारे काका रोज ‘आमच्या प्राध्यापिकाबाई’ कशा आहेत म्हणून विचारतात म्हणे. हे वाचून मला घास गिळवेना. अर्जाची मुदत अठ्ठावीस मार्चच्या टपालशिक्क्यापर्यंत आहे.

कारण लिहिण्याची लाज वाटते. आत्या, मला बाहेरची भीती वाटते. आई गेल्यापासून, सातव्या वर्षापासून मी या फाटकाच्या आत आहे. शिंपी, चांभार, डॉक्टर सगळे आत येतात. मागच्या सत्रात सहलीच्या वेळी बाईंनी मला स्टेशनच्या खिडकीवर फक्त गाडी कोणत्या फलाटाला लागते, हे विचारायला पाठवले. खिडकीतल्या माणसाने काय हवे म्हणून तीनदा विचारले. वाक्य माझ्यापाशी तयार होते, कर्ता-कर्म-क्रियापदासह. पण तोंड उघडेना. मागून कोणी तरी म्हणाले की मुकी दिसते, बाजूला करा हिला. मी परत येऊन फलाट तिसरा असे ठोकून दिले. गाडी पहिल्यावर लागली. सव्वीस मुली जिन्यावरून धावल्या. ते अजून आठवले की हात गार पडतात.

आणि आता मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, मला बोलावून सांगितले आहे की ग्रंथपालबाई जूनमध्ये निवृत्त होत आहेत. ती जागा आणि ग्रंथालयालगतची खोली माझी. बाहेरचे जग तुला सोसणार नाही, इथे तू सुखात राहशील, असे त्या अगदी मायेने म्हणाल्या. महिनाअखेर उत्तर हवे आहे. मला हायसे वाटायला हवे होते. वाटले का, हे मला नीट सांगता येत नाही.

आपण म्हणाल तसे करीन. हे पत्र शाळेच्या थैलीतून निघेल, म्हणून लिफाफ्यावर शाळेचा शिक्का असेल. टपाल कचेरी फाटकासमोरच, रस्त्यापलीकडे आहे, आणि मोठ्या मुलींना शनिवारी जाण्याची मोकळीक आहे. पण मी कधी गेलेले नाही.

माझ्यावरचा लोभ आपण आजवर न मागता ठेवलात. आता मागितला म्हणून तो कमी करू नये.

आपली भाची


दुकान,
रविवार, ८ मार्च

चि. पंडितबाईंस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. दोनदा वाचलं, एकदा नुसतं अक्षर बघायला. असं अक्षर आमच्या घराण्यात कुणाचंच नाही. तुझ्या बापाचं तर कोंबडी शाईतून चालून गेल्यासारखं आहे. पण एवढ्या सुंदर अक्षरात एवढी माफी कशाला मागायची? मी तुझी आत्या आहे, कचेरी नव्हे. आणि फोटो म्हणाले होते ते विसरली नाहीस! डूख धरणारी आहेस. बरं वाटलं.

मी म्हणेन तसं करीन म्हणतेस. मी काही म्हणणार नाही. जा म्हटलं तर पहिल्या तिकीट खिडकीशी तू मला शिव्या देशील, राहा म्हटलं तर म्हातारपणी देशील. दोन्ही नको.

त्यापेक्षा माझ्या धंद्यातलं सांगते. लोक घड्याळ आणून टेबलावर आपटतात आणि म्हणतात, बिघडलंय. काय बिघडलं ते कुणाला सांगता येत नाही. कच्चा कारागीर लगेच पाठ उघडतो. मी उघडत नाही. ते आठ दिवस माझ्या भिंतीवरच्या खात्रीच्या घड्याळाशेजारी ठेवते आणि रोज लिहिते: केव्हा मागे पडलं, केव्हा पुढे गेलं, केव्हा थांबलं. गिऱ्हाईक कटकट करतं. करू दे. आठ दिवसांनी घड्याळच आपला आजार सांगतं.

तर तुझं हे बिघडलेलं यंत्र आठ दिवस बाजूला ठेव. वही घे. तीन रकाने पाड: भीती कुठे होतीस तेव्हा लागली, किती वाजता लागली, किती वाजता सुटली. कारणं लिहायची नाहीत, उपमा लिहायच्या नाहीत, नुसती वेळ. तुझ्या मनगटावर आहे ना घड्याळ? माझ्या हातचं आहे, खोटं बोलणार नाही.

तू मात्र बोललीस, बापाशी. मी त्याला काही कळवणार नाही, पण ते तुझं तुला निस्तरावं लागेल. पोटात ठेवून वाढणारी गोष्ट आहे ती.

अभ्यासाची काळजी मी करत नाही, जेवणाची करते. जेवत जा. बाकी क्षेम. मायेत काटकसर नाही, हे वेगळं लिहायला नको.

तुझी आत्या

ता. क. खारूताईला सांग, अंडं टाकण्याआधी पाण्यात मीठ घाल.


निवासी शाळा,
बुधवार, १८ मार्च

ती. स्व. आत्यांस,
कृ. सा. न. वि. वि.

आपले पत्र दहा तारखेला मिळाले आणि त्याच दुपारी वही आखली. आठ दिवसांची नोंद सोबत जोडली आहे. ती अपुरी आहे, याबद्दल आधीच क्षमा मागते. ते पुढे लिहीतच आहे.

परीक्षेच्या भीतीपासून सुरुवात करते, कारण ती सर्वांत लहान निघाली. दालनात शिरताना लागते, प्रश्नपत्रिका हाती आली की सुटते. चार मिनिटे. गणिताच्या दिवशी सहा.

गुरुवारी खारूताईने मला ओढत फाटकापर्यंत नेले. ती म्हणते की मला एकटीला सोडले तर मी रस्त्यालाच विचारीन, आपल्याला ओलांडले तर चालेल का म्हणून. आम्ही ओलांडला नाही, नुसत्या उभ्या राहिलो. मालट्रक इतक्या जवळून जातात की पदराला वारा लागतो. पाच वाजून दोन मिनिटांनी लागली, पाच अठराला सुटली. मला वाटले होते की ती आठवडाभर राहील. पण सोळा मिनिटे झाल्यावर मी फाटकावरच्या पहारेकरी काकांचे मोजे विणण्याचे काम पाहत होते आणि भीती कुठे गेली, हे माझ्या लक्षातही आले नाही. शुक्रवारी तेरा मिनिटे लागली. शनिवारी आम्ही पुन्हा गेलो, अकरा.

बाबांचे पत्र आले की लागते. सरासरी अर्धा तास.

आता अपुऱ्या नोंदीविषयी. सोमवारी, म्हणजे परवा, ग्रंथपालबाईंनी मला कामाची ओळख करून देण्यासाठी बोलावले. त्या फार चांगल्या आहेत. मी नऊ वर्षांची असल्यापासून त्या माझ्यासाठी नवी पुस्तके बाजूला काढून ठेवत आल्या. त्यांनी कपाटांच्या किल्ल्या दाखवल्या, वाळवी पाहण्याची रीत सांगितली, खोली दाखवली. पलंग खिडकीला लागून आहे आणि खिडकी आतल्या अंगणात उघडते. मग त्यांनी खणातून एक यादी काढून माझ्या हातात दिली. साबण, सुईदोरा, तिकिटे, डोकेदुखीच्या गोळ्या. मुलींपैकी कोणाकडून काय मागवायचे, कोण विसरते, कोण उरलेली मोड परत आणते, असे सगळे त्यात लिहिले होते. त्या म्हणाल्या की ही यादी नीट सांभाळ, मग तुला कधीच बाहेर जावे लागणार नाही. मी अठ्ठावीस वर्षांत एकदाही गेले नाही, घाबरू नकोस, असेही म्हणाल्या. आणि त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला.

सोमवार, ग्रंथालय, चार वाजून वीस मिनिटे. तिसरा रकाना कोरा आहे. रात्रीच्या जेवणापर्यंत वाट पाहिली, सकाळी पाहिली, हे लिहितानाही घड्याळाकडे पाहते आहे. ती मोठी नाही, हात गार पडत नाहीत, घास उतरतो. पण सुटत नाही. कदाचित नोंद घेण्यात माझी काही चूक झाली असावी. अशा वेळी रकान्यात काय भरायचे असते, हे कृपा करून कळवावे. कोरी जागा सोडलेली वही मी आजवर कोणाला दिलेली नाही.

आपला वेळ घेते याची जाणीव आहे. ती आपल्या ममतेच्या आड येऊ देऊ नये.

आपली भाची


दुकान,
रविवार, २२ मार्च

चि. पंडितबाईंस,
अ. उ. आ.

नोंद मिळाली. चूक नाही. माझ्याकडे तीस वर्षांच्या वह्या आहेत, एवढी स्वच्छ नोंद एकही नाही.

कोऱ्या रकान्यात काही भरू नकोस. मला हवा होता तो तोच. फाटकापाशी सोळा, तेरा, अकरा हे बघून मी चहा केला आणि ग्रंथालयातला सोमवार बघून तो प्यायचा राहिला.

आता एक गोष्ट, तुझ्या बापालाही ठाऊक नसलेली. मला हे काम शिकवणारे उस्ताद गेले आणि दुकान माझ्याकडे आलं, त्या पहिल्या दिवशी एक गृहस्थ आले. बाईच्या हातून निघालेलं घड्याळ फक्त जेवणाच्या वेळा दाखवेल, असं म्हणून हसले. माझा चिमटा हातातून पडला. ते गेल्यावर मी आतून कडी लावून जमिनीवर बसले. वहीची सवय होती म्हणून वेळ लिहिली. दोन तास दहा मिनिटं. दुसऱ्या दिवशी दीड तास. अजूनही कुणी नवीन माणूस दार ढकलून आत आला की लागते, पंडितबाई. तो माणूस आपल्या गळ्यातला गळपट्टा सोडेपर्यंत टिकते. शून्य कधी झाली नाही आणि होईल असं तुला खोटं सांगणार नाही.

एवढंच. ठरवायचं तुझं तू. फक्त एक अट घालते, आत्या म्हणून. तुझं यापुढचं पत्र, मग त्यात काहीही असो, शाळेच्या थैलीतून यायचं नाही. लिफाफ्यावर शाळेचा शिक्का दिसला तर न फोडता परत पाठवीन. मी हट्टी आहे, बापाला विचार.

वेळ लिहीत जा. तारीख सगळेच लिहितात.

आहे तिथे सुखरूप राहा आणि आमची आठवण पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी आत्या


टपाल कचेरी, लिहिण्याचे बाक,
शनिवार, २८ मार्च

ती. स्व. आत्यांस,
कृ. सा. न. वि. वि.

अक्षर वाईट आहे. येथील लेखणी दोरीने टेबलाला बांधलेली असून दोरी आखूड आहे. तरी हेच पाठवते, परत लिहून काढणार नाही.

काल मोठ्या बाईंना नाही म्हणून सांगितले. त्यांनी बराच वेळ चष्मा पुसला. मग म्हणाल्या की पहिल्या महिन्यातच रडत परत येशील आणि तोवर जागा भरलेली असेल. रागाने नव्हे, काळजीने म्हणाल्या, म्हणून ते जास्त लागले. खरे ठरेलही. ग्रंथपालबाईंनी यादी माझ्या हातातून घेतली, घडी घातली आणि खणात ठेवली.

बाबांनाही खरे कळवले आहे. ते पत्र माझ्या खिशात आहे, याच्यासोबतच टाकीन.

निघायला उशीर झाला. खारूताई सोबत येणार होती, मी तिला फाटकाशीच थांबवले. तीन चाळीसला मी रस्त्याच्या कडेला उभी होते. तीन पन्नासलाही तेथेच होते. मागून ती ओरडून सांगत होती की आता रस्ता तरी चालत तुझ्याकडे येईल. तीन अठ्ठावन्नला ओलांडला. मध्यावर एक मालट्रक भोंगा वाजवत गेला आणि अर्जाचा लिफाफा मी छातीशी इतका घट्ट धरला की त्याचा एक कोपरा दुमडला. आत शिरले तेव्हा माझ्या घड्याळात चार वाजून दोन मिनिटे झाली होती, आणि दारावरच्या पाटीवर लिहिले होते की नोंदणीची खिडकी चार वाजता बंद. पण कचेरीच्या भिंतीवरच्या घड्याळात चारला दोन मिनिटे कमी होती. आत्या, ते चार मिनिटे मागे आहे.

खिडकीतल्या कारकुनांनी विचारले, साधे की नोंदणीचे? वाक्य तयार होते. तोंड उघडेना. त्यांनी पुन्हा विचारले. रांगेतल्या मागच्या बाई म्हणाल्या की पोरी, आम्हालाही घरी जायचे आहे. तिसऱ्यांदा विचारण्याआधी मी ‘नोंदणीचे’ म्हणाले. पूर्ण वाक्य नव्हते. एकच शब्द होता, तोही घोगरा. त्यांनी शिक्का मारला. आजचा. पावती माझ्या मुठीत आहे, घामाने ओली झाली आहे, पण आकडे वाचता येतात.

आणि मग, कोणी विचारले नसताना, मी त्यांना सांगितले की आपले घड्याळ चार मिनिटे मागे आहे. ते भिंतीकडे पाहत राहिले. म्हणाले की तीन वर्षे इथे बसतो, मला कोणी सांगितले नाही. मागच्या बाई म्हणाल्या की हिला आधी बोलता येत नव्हते, आता थांबेना. सगळे हसले. मलाही हसू आले असावे.

जूनमध्ये एकटीने गाडीत बसायचे आहे, आणि त्या शहरात मला ओळखणारे कोणी नाही. दुकान वाटेवर लागते, तेव्हा एक दिवस उतरले तर चालेल का? दार ढकलून आत येईन. आपल्याला लागली तर गळपट्टा लगेच सोडीन.

आजची नोंद: रस्त्याच्या कडेला, तीन वाजून चाळीस मिनिटे. सुटली नाही. तशीच घेऊन पेटीपाशी जाते आहे. आपल्या मायेवर हक्क सांगते, प्रथमच, आणि क्षमा न मागता.

आपली भाची

पेटीत टाकले: शनिवार, २८ मार्च, दुपारी चार वाजून सव्वीस मिनिटे, माझ्या घड्याळाप्रमाणे.