विश्वकर्म्याच्या दिवशी आलेल्या पाहुण्या

॥ श्री ॥
ड्रेस्डेन, १२ ऑगस्ट २०२५

तीर्थस्वरूप मारोतकाकांना दिपालीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून पत्र लिहून नीतूवहिनीच्या मोबाइलवर पाठवते आहे. बातमी चांगली आहे. भंगारातून दुर्मीळ धातू परत मिळवण्यासाठी आपलं आणि इकडचं सरकार मिळून जो निधी देणार आहे, त्याच्या शेवटच्या फेरीत आपली जोडी पोहोचली. जोडी म्हणजे आमची इथली संस्था आणि तुमचा नंदिनी रोडवरचा शेड. ई-रिक्षाच्या जळक्या मोटरी तापवून त्यातले चुंबक तुम्ही सोडवायचे, त्यांची भुकटी करून नवे चुंबक आम्ही घडवायचे. एक बाजू गळाली तर दुसरीलाही काही नाही.

आता फक्त पाहणी उरली आहे. परीक्षक बाई स्वतः येऊन चालू भट्टी बघणार आहेत. त्यांना मीच १७ सप्टेंबर ही तारीख सुचवली, तेव्हा पाऊसही ओसरलेला असतो. दिवाळीपर्यंत काही जमलं नाही तर शेड गोदामवाल्याला द्यायचा आणि आठ जणांना घरी बसवायचं, असं तुम्ही लिहिलं होतं. ते आता टळेल असं मन सांगतं.

जयाकाकूला नमस्कार. तिने दिलेली जवसाची चटणी संपली, हे तिला जरूर कळवा.

तुमचा लोभ आहेच, तो इतक्या लांबवरही पुरावा.
आपली, दिपाली


नेहरू नगर, भिलाई, १५ ऑगस्ट

चि. दिपालीस अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचता वाचता पेढे आणायला निघालो होतो. तारखेपाशी आलो आणि चपला काढून परत बसलो. अगं, सतरा सप्टेंबर म्हणजे विश्वकर्मा पूजा! सेक्टर दोनच्या क्वार्टरमध्ये वाढलेली पोर तू. त्या दिवशी बाबांचं बोट धरून पोलादाचा प्लांट बघायला जायचीस आणि बुंदीचं पाकीट मिळालं नाही की गेटवरच भोकाड पसरायचीस. तिकडचं पाणी इतकं जालीम आहे का, की माणूस हेही विसरतो?

त्या दिवशी अवजारांची पूजा, भिलाईत कोणी पान्यालाही हात लावत नाही, मग भट्टी कोण पेटवणार? तुझ्या काकूला सांगितलं, तर म्हणाली की पोरीले एक कॅलेंडर पाठवून द्या. म्हणाली खरी, पण हसली नाही. काहीही कर आणि तारीख बदल.

इकडे सर्व खुशाल. तुझ्यावर रागावलो असलो तरी लोभात कपात केलेली नाही.
मारोतकाका


ड्रेस्डेन, २४ ऑगस्ट

ती. स्व. काकांना शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून शरमेने मान खाली गेली. बाईंच्या कार्यालयाला दोनदा विनवलं, पण अठराला सकाळी त्या पुण्याच्या जोडीकडे जाणार आहेत आणि पुढची तारीखच नाही. भट्टी चालू दिसली नाही तर गुण कापले जातील, असंही त्यांनी स्पष्ट कळवलं.

काका, एक विनंती करते. पूजा उरकल्यावर शटर अर्धं ओढून तासभरच भट्टी पेटवता येणार नाही का? विश्वकर्मा समजून घेईल. माझ्या एका चुकीपायी आठ घरांची चूल विझली, तर मला तिकडे तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

रागावलात तरी उत्तर पाठवा. त्यातही मला तुमचा लोभच दिसतो.
दिपाली


नेहरू नगर, २ सप्टेंबर

चि. दिपालीस आशीर्वाद.

खोटं कशाला लिहू, तुझं पत्र वाचून मीही क्षणभर डळमळलो. तासाभराने काय होतं, असं मनात आलं. दुसऱ्या दिवशी शेडात सगळ्यांपुढे विषय काढला. भैयालाल आमच्या भट्टीचा जुना माणूस, प्लांटपासून माझ्यासोबत. त्याने हातातली पकड खाली ठेवली आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "बाबूजी, मसीन साल भर हमर बर कमाथे. एक दिन ओला सुरतावन दे." वर्षभर आपल्यासाठी राबणाऱ्या मशीनला एक दिवस विसावा द्या, एवढंच त्याचं मागणं. बाकीचेही त्याच्यामागे येऊन उभे राहिले, त्यातून सगळ्यांचं मत मला कळलं.

तर भट्टी पेटणार नाही. निधीसाठी आज विश्वकर्म्याला गुंडाळलं, तर उद्या कोणाकोणाला गुंडाळीन याचा नेम नाही. भट्टी उघडून ठेवू, बाईंना बघायचं ते बघू दे. तू त्यांना आधीच खरं काय ते कळव. सणाची लाज वाटायचं कारण नाही. काळजी मलाही आहे, रात्री झोप लागत नाही. तरीपण ठरलं ते ठरलं.

लोभ ठेव आणि वेळेवर जेवत जा.
मारोतकाका


नेहरू नगर, १९ सप्टेंबर

चि. दिपालीस अनेक आशीर्वाद.

बाई येऊन गेल्या. काय झालं ते सगळं लिहितो, म्हणजे निकाल उलटा लागला तर तुला कारण कळेल.

पूजेच्या आदल्या दिवशी साफसफाईसाठी भट्टीवरचं धुराडं खोललं. आतलं गाळणीचं कापड फाटून धुराड्यातच अडकलेलं निघालं. चुंबक चिकटवलेला गोंद जळतो, त्याचा धूर बाहेर न जाता शेडातच पसरत होता, आणि भट्टी म्हटली की धूर असायचाच, म्हणून मी कधी वर पाहिलं नाही. नवीन कापड रायपूरहून यायला शनिवार उजाडणार होता. धुराडं परत बसवलं असतं तर थंड भट्टीत कोणाला काय दिसणार होतं? तरी उघडंच ठेवलं. पण खरं सांगतो, बाईंना आपणहून दाखवायचं धाडस माझ्यात नव्हतं.

सतराला सगळ्यांची घरची माणसं आली. मशीनींना झेंडूचे हार, सगळीकडे उदबत्तीचा वास. आम्रपाली, जी भट्टीसमोर मोटरी लावते, ती आपल्या सासूला हात धरून एकेक वस्तू दाखवत होती. तेवढ्यात बाई आल्या. थंड भट्टी बघून त्यांचा चेहरा पडला. नीतू इंग्रजीत सणाचं सांगत होती, त्या मान हलवत होत्या, पण घड्याळाकडे बघत होत्या.

मग आम्रपालीने त्यांना हाताने जवळ बोलावलं आणि वर धुराड्याकडे बोट केलं. मला ऐकू आलं नाही, पण बोट कुठे गेलं ते दिसलं. नीतूने नंतर सांगितलं, ती म्हणाली, "मॅडम, धूर अथून येते, अन् मी अथीच उभी रायते." नीतू जरा अडखळली, मग तिने जसंच्या तसं इंग्रजीत सांगून टाकलं.

बाईंनी पर्स आम्रपालीच्या सासूच्या हातात दिली आणि कमरेपर्यंत भट्टीत शिरल्या. बराच वेळ टॉर्च मारून बघत होत्या, विचारत होत्या. बाहेर आल्या त्या काजळीने माखून. बुंदी खाल्ली, निघाल्या, निकालाबद्दल चकार शब्द काढला नाही.

प्लांटच्या आवाजाने माझे कान जात होते, तेव्हा कोणा साहेबाला असं बोट दाखवायची हिंमत मला झाली नाही. निधी गेला तर जाऊ दे. त्या पोरीचा मला अभिमान वाटतो.

वाईट बातमी असली तरी लपवू नकोस. लोभ बातमीवर अवलंबून नाही.
मारोतकाका


ड्रेस्डेन, १४ ऑक्टोबर

ती. स्व. काकांना आणि ती. काकूला शि. सा. न. वि. वि.

मिळाला! निधी आपल्याला मिळाला. सकाळपासून मी हसते आहे आणि मधूनच रडतेही आहे.

बाईंचा अहवाल आला आहे. त्या लिहितात की बाकी सगळीकडे भट्ट्या जोरात चालू होत्या आणि त्यांना पिवळ्या पट्ट्यामागे उभं केलं गेलं. आत डोकं घालता आलं ते फक्त भिलाईत, आणि मालकासमोर दोष दाखवणारी कामगारही तिथेच भेटली. चालू भट्टीचे गुण कापले आहेत, बाकीच्या गुणांनी तारलं. अट एकच आहे. पहिला हप्ता नव्या धुराड्यासाठी, आणि ते बसेपर्यंत भट्टी पेटवायची नाही. तोवरचे आठ जणांचे पगार त्याच हप्त्यातून निघतील. गोदामवाल्याला आजच नाही म्हणून सांगा.

आता पेढे आणा, आणि माझ्या वाटचा काकूला द्या. लोभ वाढला तर हरकत नाही.
दिपाली


नेहरू नगर, ९ मार्च २०२६

चि. दिपालीस अनेक उत्तम आशीर्वाद.

काल नवीन धुराडं सुरू झालं. भैयालालने नारळ फोडला, भट्टी पेटली, आणि सगळे वर बघत उभे राहिले. धूर सरळ वर गेला. शेडात नावालाही नाही.

आम्रपाली भट्टीसमोर नेहमी नाकातोंडाला ओढणी गुंडाळून असते, नुसते डोळे दिसतात. काल तिने थोडा वेळ वास घेऊन पाहिला, मग ओढणी सोडून कमरेला बांधली आणि मोटरी लावायला लागली. मी बघतो तर तिचे ओठ हलत होते. मला वाटलं, काही मागते आहे. जवळ गेलो तर ती आपल्याच नादात.

नीतूला खुणेने विचारलं. तिने कागदावर लिहून दिलं, की ती गाते आहे, दोन वर्षं झाली, रोजच गाते.

मारोतकाकाचे आशीर्वाद