देऊळघाटचा जावई पहिला आला

देऊळघाट, ८ डिसेंबर १९६३

राजमान्य राजेश्री शंकरराव, मुक्काम बीबी, यांस हिंमतरावाचा साष्टांग नमस्कार. (मेहुण्याला साष्टांग घालणारा जावई तुम्ही पाहिला नसेल, पण वेळच तशी आली आहे.) इकडे सर्व खुशाल. तुमची बहीण अन्नपूर्णा माझ्यावर रागावलेली आहे, म्हणजे तिची तब्येत उत्तम आहे. तुमचा गुडघा कसा आहे? एरंडाचे पान बांधत जा.

आमच्या जिनिंगमध्ये अकोल्याहून नवे मॅनेजरसाहेब आले आहेत. आल्या आल्या त्यांनी भिंतीवर काळा फळा ठोकला. कापसाच्या गंजीपासून यंत्रापर्यंत ज्याने टोपली नेली, त्याच्या नावापुढे मी खडूची एक रेघ मारायची. संक्रांतीपर्यंत काम वाढले नाही तर माझी सुपरवायझरी गेली, असे त्यांनी बजावले. अकरा वर्षांनी मिळालेली सुपरवायझरी! दोन दिवस मला भाकर गोड लागली नाही.

आता माझ्या वीस माणसांत एक इंद्रभान आहे. मूळचा मेहकरकडचा, पण सोजराबाईची मुलगी त्याला दिलेली. सोजराबाई आमच्याच गावची, आमच्याच जिनिंगमध्ये कापूस निवडते. म्हणजे तो तिच्या एकटीचा नव्हे, अख्ख्या देऊळघाटचा जावई. त्याने टोपलीला हात लावला की साठीचे भगवंतराव धावत येऊन ती हिसकावून घेतात. मी एकदा त्याला दरडावून कामाला लावले, तर सगळी जिनिंग माझ्यावर उठली. भगवंतराव म्हणाले, "काऊन बे हिंमत, जावयाच्या डोक्शावर टोपलं देऊन राह्यला? गावाची इज्जत इकून खाल्ली का?" सोजराबाईने डोळ्याला पदर लावला. इंद्रभान बिचारा म्हणे, "मले काम करू द्या ना, बसून बसून कंबर दुखते माही." पण त्याचे ऐकतो कोण! त्याला पोत्यावर बसवून चहा पाजला.

पहिल्या शनिवारी फळ्यावर सगळ्यांपुढे रेघा, आणि इंद्रभानपुढे काहीच नाही. गावाच्या जावयाचे नाव असे कोरडे भिंतीवर टांगलेले! सोमवारपासून एकेक जण माझ्या कानाशी येऊन सांगू लागला, "हे टोपलं जावयाच्या नावावर मांडा." मी मांडत गेलो. (दोन रेघा मी माझ्या मनाच्याही मारल्या. मीही याच गावचा, करतो काय?) आठवडा संपला तेव्हा इंद्रभान पहिला.

साहेबांनी त्याला हार घातला. वर म्हणाले, हा गडी नुसता बसला तरी भोवतालची माणसे धावून काम करतात, सुपरवायझर असा पाहिजे! संक्रांतीपासून तो सुपरवायझर, आणि त्याची टोपली माझ्या डोक्यावर. जावयाचा मान म्हणून सगळ्यांत आधी टाळ्या मीच वाजवल्या, आणि घरी येऊन रडलो.

कळावे. लोभ आहेच, तो वाढवण्याची हीच वेळ आहे.

आपला,
हिंमतराव

ता. क. बीबीत नवी जिनिंग उभी राहते आहे आणि तुम्ही पंचांत आहात, असे कळते. मी बीबीचा जावई आहे, हे तुम्हांला वेगळे सांगायला नको. मला सुपरवायझरीचा मोह नाही. साधी टोपली उचलण्याची जागा असली तरी पुरे.

ता. क. दुसरा. दादा, पाकीट चिकटवाच्या आधी म्या हे पत्र वाचलं. याइले जागा नक्की देजो. लग्नाले वीस वर्सं झाली, याइचं तोंड आता तिकडं कोनाले आठवत नसन. हे कोनाचे जावई आहेत, ते मात्र गावात बोलू नको. — अन्नपूर्णा