सतरा नंबरची काच

प्रिय भिंगरी,

तुझा फोन येऊन चार दिवस झाले, आणि तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागलाय. तुझी आई म्हणते, परीक्षा लेकीची आणि ताप बापाला. तिचा गुडघा बरा आहे. मी चहात दोनदा साखर घातली म्हणून वैतागली आहे, एवढंच. मी तुला तीनदा फोन लावला आणि तीनदा हवापाण्याचं बोलून ठेवला. म्हणून हे पत्र.

तुला आठवतं, शाळा सुटली की तू माझ्या कामाच्या खोलीत यायचीस? मी दगडाची चकती काचेवर चिकटवून घासत बसायचो, आणि ती इतकी पातळ झाली की तू तिच्यातून वर्तमानपत्र वाचून दाखवायचीस. दगडातली लाल गार्नेटं तुला डाळिंबाचे दाणे वाटायची. मी नुसता घासणारा माणूस. त्या दाण्याच्या मधोमध काय आहे, कडेला काय आहे, शेजारच्या अभ्रकात काय आहे, हे मोजून दगड किती खोल गेला, किती तापला आणि कसा वर आला, हे सांगणारे आमचे भूगर्भशास्त्राचे सर. आणि आता तू.

फोनवर किती खुशीत होतीस. सरांच्या जुन्या पेटीतले सगळे दगड वीस-बावीस किलोमीटर खोल जाऊन आलेले. एकटा सतरा नंबर पन्नास. चार वर्षं तुझं घोडं तिथंच अडलं होतं. आता तो वेगळा का, याचं उत्तर तुला सापडलंय, आणि अख्खा प्रबंध त्यावर उभा आहे. तू म्हणालीस, "बाबा, माणूस खोटं बोलेल, दगड नाही बोलत." मी हो म्हणालो, आणि फोन तुझ्या आईच्या हातात दिला.

सर गेले, त्यामुळे हे माहीत असलेला मी एकटाच. सतरा नंबर घासताना त्यातलं एकुलतं एक मोठं गार्नेट माझ्या हातून निखळलं. सरांना काच दुसऱ्या दिवशी हवी होती, आणि माझी नोकरी कायम करायचा कागद त्यांच्या सहीसाठी टेबलावर पडला होता. शेजारी दुसऱ्या डोंगररांगेतल्या दगडांची पेटी होती. त्यातला दिसायला तसाच एक मी कापला, घासला आणि त्यावर सतरा लिहिलं. वाटलं, दगडासारखा दगड, कुणाला काय कळतंय. पुढे सरांनी तो पन्नासचा आकडा छापला, लोक त्यावर वाद घालत राहिले. कुणी सतरा नंबर म्हटलं की मी दचकायचो; चोराच्या मनात चांदणं.

तुझी प्रबंधाची तोंडी परीक्षा अकरा दिवसांवर आली. तू मला काय म्हणशील याची भीती वाटते. पण परक्यांसमोर तू तोंडघशी पडशील, याची जास्त वाटते. खऱ्या सतरा नंबरचा उरलेला तुकडा मी इतकी वर्षं एका डब्यात ठेवला होता, फेकायचं धाडस झालं नाही. त्यात टाचणीच्या टोकाएवढी गार्नेटं आहेत. तुमच्या आताच्या यंत्राला तेवढी पुरतात ना? काल जुन्या खोलीत गेलो, नव्या कारागिराची परवानगी काढली आणि घासायच्या चाकावर बसलो. या वेळी एकही दाणा निखळला नाही. काच सोबत पाठवली आहे, नंबर मीच टाकलाय. आधी ही मोज, मग मला हवं ते बोल.

रागावलीस तरी तुझाच,
बाबा