मळ्यातलं गाणं, चार आवाजांत

पप्पा, काल तुमच्या नातीचं लग्न झालं. सांगलीतल्या आपल्याच चर्चमध्ये. आणि तिच्या हट्टापायी आम्ही पुन्हा ते गाणं गायला घेतलं, जे माझ्या लग्नात अर्ध्यावर मोडलं होतं. तिला मी शंभर वेळा समजावलं, बाई गं, दुसरं काहीही माग. ती म्हणाली, "आजोबांचं गाणं पुरं झालेलं मला ऐकायचंय." मग मी हो म्हटलं. पण गेले सहा महिने एकच भीती होती. दुसऱ्यांदा मोडलं असतं तर ते तुमचंच दुसऱ्यांदा मोडलं असतं, आणि या वेळी हसून निभवायला तुम्ही नव्हतात.

चर्चचं गाणं तुम्ही बसवायचात म्हणून त्या गाण्याच्या झेरॉक्स तुम्हाला एका परदेशी पाहुणीने दिल्या होत्या, ते मला लख्ख आठवतंय. चार-साडेचारशे वर्षांपूर्वी युरोपातल्या कुणा चर्चच्या गायकाने बायबलमधल्या प्रेमाच्या कवितेला चाल लावलेली, चार आवाजांसाठी, सगळी लॅटिनमध्ये. तुम्ही दोन रात्रपाळ्यांच्या मधल्या सुट्टीत बसून प्रत्येक स्वराखाली देवनागरीत उच्चार लिहून काढलात. मग स्वयंपाकघरात आईला अर्थ सांगायला बसलात. आई भाकरी थापतेय, मी कांदा चिरतेय आणि तुम्ही पाटावर बसून सांगताय की एक पोरगी आपल्या माणसाला मळ्यात बोलावते, वेलींना फुलोरा आलाय का बघायला. "म्हणजे तासगावच्या वाटंवर आसतात तसलं द्राक्षाचं मळं बघ," असं तुम्ही म्हणालात आणि पुढचं सांगू लागलात, तर आईचा हात परातीतच थांबला. "आवं, पोरगी बसलीया हितं!" ती लाजून लालेलाल झाली होती. "ह्ये चर्चमधी म्हणनार तुमी? त्यात देवाचं नाव तरी हाय का?" तुम्ही शांतपणे म्हणालात, "एकदाबी न्हाई. पर मानसं जोडीनं कुनी केली? त्येनंच न्हवं?" त्या दिवशी आईने तुम्हाला भाकरीवर दुप्पट लोणी वाढलं. मी बघितलं होतं.

तुम्ही कुपवाडच्या कारखान्यात लेथ मशीनवर होतात. कॉलेज सुटलं की मी डबा घेऊन यायचे, आणि तुम्ही जेवता जेवता मला आल्टोची, म्हणजे बायकांच्या खालच्या आवाजाची, ओळ शिकवायचात. शेजारचं मशीन घुमत असायचं, त्याचाच तुम्ही षड्ज धरायला लावायचात. तुमचा फोरमन आधी वैतागायचा, नंतर तोच विचारू लागला, "आज गानं न्हाई का?" तिथेच मी तुमचा एकमेव खरा ओरडा खाल्ला. आपण सगळे भजनांवर वाढलेलो. एकाने ओळ म्हणायची, ती संपली की बाकीच्यांनी तीच उचलायची, ही रीत आपल्या अंगात मुरलेली. आणि या गाण्यात तर एका आवाजाची ओळ अर्धी झालेली असतानाच दुसऱ्याने तीच ओळ घेऊन आत यायचं, मग तिसऱ्याने, मग चौथ्याने. तुम्ही टेनर, म्हणजे पुरुषांचा वरचा आवाज, गायचात आणि मी अगदी शहाण्या मुलीसारखी तुमचं संपायची वाट बघायचे. चौथ्यांदा तसं झालं तेव्हा तुम्ही डबा बाजूला सारलात. "थांबतीस कशाला? मी काय तुझा साहेब लागतोय? तुझी येळ झाली की घुसायचं! ती दोगं प्रेमात हायत, रांगंत उबी न्हाईत." फोरमनसकट सगळे हसले. मला इतका राग आला की पाचव्यांदा मी बरोब्बर घुसले.

माझ्या लग्नाची भेट म्हणून तुम्ही ते गाणं ठरवलंत आणि तिथेच घोळ झाला. नवरी म्हणून मी पुढे उभी, आणि आल्टोत न थांबता घुसणारी मी एकटीच होते. माझ्याविना आल्टोतल्या बाकीच्या तिघी बायका टेनरची ओळ संपायची वाट बघत राहिल्या. खर्जातले बेसवाले त्यांची वाट बघू लागले. बघता बघता सगळेजण एकमेकांना मान देत गप्प झाले आणि चर्चमध्ये फक्त पंखा ऐकू येऊ लागला. मला ती जागा माहीत होती. तोंड उघडलं असतं तर गाणं सावरलं असतं. पण नवरीने कसं गायचं, लोक काय म्हणतील, म्हणून मी खाली फुलांकडे बघत उभी राहिले. तुम्ही हसलात, सगळ्यांना पाठ असलेलं एक साधं गीत उचललंत आणि वेळ निभावून नेलीत. मांडवात म्हणालात, "ऱ्हाऊ दे, म्हनू परत कवातरी." चार वर्षांनी तुम्ही गेलात. मला त्या फुलांचा अजून राग येतो, पप्पा.

आता माझ्या सासरी, साताऱ्यात, आमचा अकरा जणांचा गाण्याचा गट आहे. दर रविवारी दुपारी आमच्या हॉलमध्ये सराव, मग चहा आणि भडंग. आमच्या बेसचा खांब म्हणजे आमच्या गल्लीतले एक निवृत्त हवालदार. लष्करी बँडमध्ये होते, त्यामुळे ते कागदावरचे स्वर आमच्यापेक्षा भराभर वाचतात, आणि शनिवारी मारुतीच्या देवळात भजनाला पेटीही धरतात. तुमचं आणि त्यांचं फार जमलं असतं. पण पहिल्याच रविवारी तेच! सगळे एकमेकांसाठी थांबले. हवालदार मान खाजवत म्हणाले, "म्याडम, म्होरला म्हनत आसताना मधीच तोंड घालायला कसंतरी वाटतंय बगा." मी तुमच्यासारखं ओरडून बघितलं, कुणीही घाबरलं नाही. शेवटी म्हटलं, कागद ठेवा, आणि सगळ्यांनी एकदम आपापल्या लग्नाची गोष्ट सांगायची. कुणासाठी थांबायचं नाही, आणि कान मात्र शेजारच्याकडे ठेवायचा. काय कालवा झाला म्हणून सांगू! हवालदारांना वरातीतल्या जीपचं पंक्चर सांगायचं होतं, त्यांच्या शेजारच्या नर्सबाईंना सासूबाईंचा रुसवा. दोघं आपापलं रेटतायत, आणि मधेच हवालदार पंक्चर सोडून विचारतात, "मग हासल्या का न्हाई त्या?" त्यानंतर गायलो, तर पहिलं पान न थांबता पार पडलं. हवालदार टेबलावर थाप मारून म्हणाले, "लय भारी! ह्ये तर घरच्यावानीच हाय की." पुढची दोन पानं बसायला मात्र उन्हाळा गेला.

काल नवरीची आई गायकांत उभी राहिलेली बघून तुमच्या धाकट्या बहिणीने मला हाताला धरून ओढलं. "आगं, म्होरं बस की! सोभतंय का ह्ये?" मी म्हटलं, आत्या, आज शोभायचं नाही ठरवलंय. टेनरने सुरुवात केली. त्यांची ओळ अर्ध्यावर आली आणि आम्ही आल्टो घुसलो. मग वरच्या पट्टीतल्या सोप्रानो, आणि मग हवालदार, अगदी रुबाबात. त्यानंतर काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. चार बाजूंनी तीच पोरगी त्याच माणसाला बोलावत होती आणि कुणीच कुणासाठी थांबत नव्हतं. लेकीने मागे वळून बघितलं, नवऱ्याचा हात सोडला नाही. शेवटच्या स्वरावर सगळे एकत्र पोचलो. गाणं पुरं झालं, पप्पा. आत्या डोळे पुसत म्हणाल्या, "समाजलं कायबी न्हाई, पर लय ग्वाड म्हनलासा."

आज सकाळी पाहुणे गेले, म्हणून लिहायला बसले. हे पत्र कुठल्याच पेटीत टाकता येणार नाही, ते मला कळतं. काल तुम्हाला सांगायचं म्हणून मनात काय काय जुळवलं होतं, पण एक गोष्ट वेगळीच झाली आणि ती लपवून काय करू? पहिल्या स्वरापासून शेवटच्या स्वरापर्यंत मी नुसती गात होते, मला तुमची एकदाही आठवण झाली नाही.