आप्पाची कात

५ फेब्रु., गुरु.
स. ९. थंड टाकी १२ अंश. मीठ ठीक. आप्पानं दोन कोळंब्या खाल्ल्या, तिसरी दगडाखाली दडवली. कात टाकून महिना होत आला तरी नवं कवच पुरतं कडक नाही. जपायला हवं.

एकानं विचारलं, हा विंचू का? सांगितलं, लॉबस्टर. थंड समुद्रातला. आपल्याकडच्या शेवंडीचा लांबचा भाऊ. मुंबईच्या हॉटेलात शिजायला आला होता, आमच्या शेठनी इथं मत्स्यालयात आणला. "मग खायचा कधी?" म्हणे.

दुपारी गुरुजी नि काकू, किन्हवलीहून, दर गुरुवारसारखे. काकूंना आता पोटच्या मुलाचं नाव आठवत नाही. गुरुजींनासुद्धा 'अहो मास्तर' म्हणतात, परक्यासारखं. पण आप्पापुढं स्टूल टाकून बसतात, तळहात काचेला लावतात. तो लांब मिशा हलवत कपारीतून पुढं येतो. "आला बघा माझा आप्पा." नाव त्यांनीच ठेवलेलं. गुरुजी मागं उभे असतात. ते आप्पाकडं बघत नाहीत, काकूंकडं बघतात.

१४ फेब्रु., शनि.
काल शुक्रवारची लाइट गेली, अकराला. चारला आली. हवेचे पंप आपोआप सुरू होतात, पण पाणी थंड करणारा चिलर होत नाही, त्याचं लाल बटण हातानं दाबावं लागतं. विसरले. धसईला मामेबहिणीची हळद होती, साडेचारची गाडी. घाईत विसरले.

स. पावणेनऊला कुलूप काढलं. पाणी २४.

आप्पा कुशीवर पडलेला. चिलर लावला, कँटीनच्या फ्रीजमधल्या बर्फाच्या बाटल्या सोडल्या. एकदम सोडता येत नाहीत, एकाएकी गारठ्यानंही मरतो. एक-एक करून. हिराबाई झाडायला आली. पलीकडच्या कातकरी वाडीतली. टाकीत बघितलं, बादली खाली ठेवली, काही न विचारता कँटीनला पाच खेपा घातल्या.

बाराच्या सुमारास मागचा एक पाय हलला. मग काहीच नाही.

एक तारामासाही गेला. दुसरा काचेला धरून आहे.

शेठ कल्याणला. फोन हातात घेतला. ठेवला.

पंपघराच्या मागं पुरला. खड्डा हिराबाईनं खणला. "केवढा जड हाय गो," एवढंच म्हणाली.

१५ फेब्रु., रवि.
थोडक्यात लिहिते, लाज वाटते म्हणून.

जानेवारीत टाकलेली कात कपाटात ठेवली होती. लॉबस्टर कात टाकतो म्हणजे स्वतःलाच अख्खा मागं ठेवून जातो. नांग्या, पाय, मिशा, डोळ्यांवरचं कवचसुद्धा. पाठीची फट तेवढी कळते. आत खडे भरले, कपारीत बसवली, फट भिंतीकडं. बुडबुड्यांनी मिशा हलतात.

रविवारची गर्दी. "झोपलाय," मी सांगत होते. सगळ्यांनी फोटो काढले.

तापमानाच्या वहीत: १३ ता. १२ अंश. १४ ता. १२ अंश. आज १२. आजचं तेवढं खरं.

हिराबाई निघताना म्हणाली, "ताय, मी आपनहून कोनाला सांगाया जानार नाय. पन कोनी इचारलं तर खोटं बोलनार नाय."

"तुला कोण विचारतंय?" मी म्हटलं.

बोलून गेले. तिनं झाडू कोपऱ्यात उभा केला नि गेली. काल हिनंच बाटल्या आणल्या होत्या.

१७ फेब्रु., मंगळ.
शेठ आले. काचेवर टकटक. "काय वंदना, आप्पा मजेत ना?"
"हो शेठ. कात टाकल्यावर सुस्त असतात जरा."
इतकं सहज आलं तोंडात. मलाच नवल वाटलं.

१९ फेब्रु., गुरु.
सकाळपासून देवाला म्हणत होते, आज त्यांची गाडी चुकू दे.

आले. स्टूल टाकलं. काकूंनी तळहात लावला. थांबल्या. दुसराही हात लावला. पुन्हा थांबल्या. मग मान वळवून माझ्याकडं बघितलं.

"हा तो नाय."

गुरुजी: "अगं, तोच आहे. आप्पा."

"नाय. ह्याच्यात कोन नाय."

गुरुजी कसनुसं हसले. "वंदना, बाळ, तू सांग बरं. तुझं ऐकेल."

मी गुडघ्यावर बसले. काकूंचा हात हातात घेतला. म्हटलं, "काकू, तोच आहे. तुम्ही विसरलात."

तुम्ही विसरलात, म्हटलं मी.

त्यांनी हात ओढून घेतला. काचेवर बुक्क्या मारायला लागल्या. बांगडी फुटली, मनगटाला लागलं. बाकीची माणसं सरकून उभी राहिली. गुरुजींनी दोन्ही हात धरून बाहेर नेलं, आणि परत आत येऊन माझी माफी मागितली. माझी. "एवढं एक ओळखत होती गं. आता हेही गेलं."

हिराबाई दाराशी होती. तिला कोणी विचारलं नाही.

२२ फेब्रु., रवि.
१४ तारखेला वर लिहिलंय, विसरले. ते खोटं आहे.

थांब्यावर उभी होते तेव्हा आठवलं. लाल बटण डोळ्यांसमोर आलं, अगदी स्पष्ट. फाटकापासून थांबा चालत दहा मिनिटं. परतले असते तर ही गाडी गेली असती, पुढची सहाची. धसईला मेंदीवाली सहापर्यंतच बसणार होती. मनात म्हटलं, एका रात्रीनं काय होतंय. इतका दणकट आहे तो. गाडी आली. चढले. खिडकी मिळाली म्हणून बरं वाटलं.

हे लिहायला आठ दिवस लागले. ही वही माझ्याशिवाय कोणी उघडत नाही. तरी इथंही खोटं लिहिलं.

मेंदी अजून पुरती गेलेली नाही. लोक विचारतात, कोणाचं लग्न?

२६ फेब्रु., गुरु.
गुरुजी एकटेच. काकूंच्या स्टुलावर स्वतः बसले.

"शहापूरला डॉक्टरांना दाखवलं," म्हणाले. "घरी गेल्यावर तेच धरून बसली होती. हा तो नाय, हा तो नाय. जेवेना. मी डॉक्टरांना सांगितलं, आता समोरचं दिसतं तेही तिला पटत नाही. त्यांनी गोळी वाढवली. आता शांत असते." मग काचेकडं बघत, "फारच शांत असते."

मुलगा पुण्याला आहे. तिथं अशा माणसांना ठेवायची सोय आहे म्हणतो. गुरुजी इतके दिवस नको म्हणत होते. "होळी झाली की ठरवतो. मलाच आता उचलवत नाही तिला."

सांगायचं म्हणून तोंड उघडलं. तोंडातून आलं, "चहा आणू का गुरुजी?"

त्यांनी चहा घेतला. कातीकडं बघत घेतला. "बरा दिसतोय," म्हणाले.

२७ फेब्रु., शुक्र.
लाइट ११ ला गेली, ३ ला आली. बटण दाबलं. दोनदा जाऊन बघितलं. मग तिसऱ्यांदा. टाकीत आता एक तारामासा फक्त. त्याच्यासाठी.

जेवण उतरत नाही. आई म्हणते, कोणी काही बोललं का? कोणी काहीच बोललेलं नाही.

२ मार्च, सोम.
सुट्टी. घरून, शेणव्याहून, दहाच्या गाडीनं किन्हवली. दोनदा घरावरून पुढं गेले, परत आले.

गुरुजी ओटीवर वालाच्या शेंगा सोलत होते. काकू दाराजवळ खाटेवर, सकाळी अकराला गाढ झोपलेल्या. केस गुरुजींनीच विंचरलेले असणार, भांग वाकडा.

बस म्हणाले. बसले नाही. बसले असते तर बोलले नसते.

"गुरुजी, काकूंचं बरोबर होतं. आप्पा मेला. टाकीत त्याची कात आहे."

हात थांबले. "कधी?"

"चौदा तारखेला. चिलर मी चालू केला नाही. आठवलं होतं तरी मागं फिरले नाही."

"म्हणजे तिचा हात धरून तू बोललीस, तेव्हा..."

"माहीत होतं."

ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. सूप बाजूला ठेवलं, आत गेले, काकूंच्या कानाशी वाकले. "ऐकलंस का? तुझं बरोबर होतं. मीच चुकलो." मी चुकलो म्हणाले ते. माझं नावही घेतलं नाही.

काकूंनी डोळे उघडले. जड डोळे. "तुमी कोन?" नि परत मिटले.

गुरुजी पाठमोरेच म्हणाले, "आता डॉक्टरांना फोन करतो. तू जा."

शेंगा सोलायला बसू का, असं काहीतरी पुटपुटले मी. काय हा मूर्खपणा. त्यांनी ऐकलं नसावं.

३ मार्च, मंगळ. होळी.
शेठना फोन. सगळं सांगितलं. शेठ हसले!

"म्हणजे इतके दिवस कोणाला कळलं नाही? मलापण नाय? हुशार आहेस तू. राहू दे तशीच. उद्या धुळवड, मग शनिवार-रविवार. दुसरा आणायचा तर किती महिने जातील."

"मी काढणार आहे शेठ."

"मग तुझं काम पण..." वाक्य अर्धंच सोडलं. "सोमवारी येतो. बोलू."

कात काढली. आतले खडे काढले तेव्हा इतकी हलकी लागली हाताला.

तापमानाच्या वहीतल्या १३, १४ च्या नोंदी खोडल्या, खरं लिहिलं, खाली सही. काचेवर कागद चिकटवला: आप्पा १४ फेब्रुवारीला मेला.

हिराबाईला वाचून दाखवलं. म्हटलं, "त्या दिवशी तुला बोलले ते चुकलं माझं."
"व्हय," म्हणाली. मग, "बादली सरकव, फरशी पुसायचीय."

५ मार्च, गुरु.
येतील असं वाटलं नव्हतं. येऊ नयेत असंही वाटत होतं.

आले दोघं. काकूंची चाल सैल, गुरुजींचा हात घट्ट धरलेला. "आज अर्धीच दिलीय गोळी," गुरुजी म्हणाले. मला नाही, हिराबाईला. तिनंच स्टूल आणून ठेवलं.

काकूंनी तळहात काचेला लावला. टाकीत दगड नि तो एक तारामासा. बराच वेळ बसल्या. गुरुजींनी कागद वाचला, काकूंना वाचून दाखवला नाही.

"तो कुठंय?" काकूंनी विचारलं.

गुरुजी दचकले. गोळी वाढल्यापासून काकूंनी 'तुमी कोन' सोडून काही विचारलं नव्हतं, हिराबाईकडून नंतर कळलं.

मी परत गुडघ्यावर बसले. हात धरायचं धाडस झालं नाही. "मेला, काकू. माझ्यामुळं. पाणी गार करायचं यंत्र मी चालू केलं नाही. आणि तुमच्याशी खोटं बोलले."

काकू माझ्याकडं बघत राहिल्या. समजलं का, कळेना. मग म्हणाल्या, "तू रडलीस का?"

"नाय."

"का गो?"

त्या खरंच वाट बघत होत्या उत्तराची. गुरुजीही माझ्याकडंच बघत होते, आज पहिल्यांदाच. त्यांच्यापुढं आता रडले तर तेही खोटंच ठरेल असं वाटलं.

थोड्या वेळानं काकू उठल्या. पुण्याचं काय ठरलं, विचारण्याचा मला हक्क नाही.

दोघांना फाटकापर्यंत सोडायला गेले, चार पावलं मागून. फाटक ओढताना गुरुजी काहीतरी म्हणाले. 'येतो' म्हणाले की 'जातो', बिजागरीच्या करकरण्यात नीट ऐकू आलं नाही.