बिनकुलपाचं यंत्र आणि मधली खोली

मी, शमसुन्निसा, मरहूम निजामुद्दीन मोटारवाले यांची पत्नी, वय वर्षे चौसष्ट, उर्दू शाळेची निवृत्त शिक्षिका, राहणार नेर, जिल्हा यवतमाळ, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कुणाच्या दबावाखाली न येता, स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. माझी तब्येत ठीक आहे. जेवण जातं, झोप लागते. आसिम गेल्यावरही दोन्ही चालू राहिलं, याचं लोकांना नवल वाटलं आणि मलाही. वकीलसाहेबांनी मसुदा करून दिला होता. त्यातली भाषा जमेल तिथे ठेवली आहे. पण त्यात माझ्या घरातली माणसं ओळखू येईनात, म्हणून बाकीचं माझ्या पद्धतीने लिहिलं.

एक. मला दोन मुलगे. थोरला अफरोज हयात आहे आणि वडिलांचं मोटार रिवाइंडिंगचं, म्हणजे पाण्याच्या जळक्या मोटारींत नवी तार भरून द्यायचं, दुकान चालवतो. धाकटा आसिम कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचा. तो दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात तापाने गेला. त्याची बायको शगुफ्ता आणि मुलगी अस्मा माझ्याजवळ राहतात. आमच्या वाटणीच्या नियमाप्रमाणे एक मुलगा हयात असताना, गेलेल्या मुलाच्या लेकराला आजीच्या मिळकतीत हिस्सा येत नाही. मी डोळे मिटले की सगळं अफरोजचं. नियमाला मी नावं ठेवत नाही. त्याच नियमाने एक तृतीयांश मिळकत आपल्या मर्जीने देण्याची मुभाही ठेवली आहे. हे मृत्युपत्र त्या एक तृतीयांशासाठी, म्हणजे अस्मासाठी आहे.

दोन. दुकानाच्या मागच्या भिंतीशी विहिरीवरच्या मोटारी पडून आहेत. कापसाच्या पडत्या वर्षांत लोक दुरुस्तीला टाकून गेले आणि न्यायला आले नाहीत. काहींच्या घरचं कुणी येईल असं आता वाटत नाही. तरी त्या भंगारात घालू नयेत. कुणी आलं, घरची बाई आली तरी, मोटार द्यावी आणि मजुरी मागू नये. माझ्या नवऱ्याने असंच केलं असतं, असं नाही. त्यांनी मजुरी मागितली असती. हे माझं म्हणणं आहे.

तीन. आसिमचं यंत्र. याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण घरात सर्वांत जास्त भांडणं याच्यावरून झाली आणि माझ्या मागे कुणी त्याला खेळणं समजून टाकून देऊ नये.

हा खेळ खेळायचा हातातला कॉम्प्युटर आहे. झाकण उघडलं की वर पडदा, खाली बारीक बटणं आणि दोन्ही अंगठ्यांसाठी दोन चकत्या. परदेशातल्या काही हौशी लोकांनी मिळून तो बनवला. आसिमने पैसे आधी भरले आणि यंत्र तीन वर्षांनी आलं. तोवर आणि त्यानंतरही अफरोजने त्याला रोज टोचलं. दुकानात गिऱ्हाइकासमोर म्हणायचा, "एवढ्या पैशात सेकंडहँड गाडी आली असती. याले तं चालू कराले बी शिकावं लागते."

तो खोटं बोलत नव्हता. बाजारात मिळणारे नावाजलेले खेळ यात चालत नाहीत. चालवायचे तर आधी तासभर कायकाय टाईप करत बसायचं, मग काहीतरी अडायचं, मग परदेशातल्या कुणाला तरी लिहून विचारायचं. आसिम खेळायला बसायचा आणि दुरुस्ती करून उठायचा. उन्हात पडद्यावर काही दिसत नाही. बिजागरीला पहिल्याच उन्हाळ्यात तडा गेला. बनवणाऱ्यांनी पुढे बनवणं थांबवलं, त्यामुळे सुटे भाग कुठेच नाहीत. अशा वस्तूला माझ्या माहेरी डोकेदुखी म्हणतात.

पण दुसरी बाजूही लिहायला हवी. या यंत्राला कुलूप नाही. साधे स्क्रू आहेत, ते काढले की सगळं समोर. कोणती तार कुठे जाते याचा नकाशा बनवणाऱ्यांनीच सगळ्यांना देऊन टाकला आहे, आणि आतला प्रोग्रामही. कुणाची परवानगी लागत नाही. आसिमने त्यात मराठी अक्षरं बसवली, माझ्यासाठी उर्दू बसवली. बॅटरी मेली तेव्हा मोबाईलची जोडली. मी विचारलं, हे चालतं का, कंपनी रागावणार नाही? तो म्हणाला, अम्मी, यात रागावणारं कुणी नाहीच. त्याला तेच आवडायचं. एवढा आनंदी तो दुसऱ्या कोणत्याही वस्तूने झालेला मी पाहिला नाही, आणि त्यात त्याचं लग्नही धरते. शगुफ्ताला हे माहीत आहे, ती हसते.

यंत्र आसिमच्या मालकीचं, म्हणून मौलानांनी त्याचेही हिस्से पाडून सांगितले. त्यातला आईचा सहावा हिस्सा माझा. तो मी अस्माला देते. कोणता सहावा, हे कुणी विचारू नये.

चार. त्या यंत्रावर आसिमने स्वतः एक खेळ तयार केला. त्याच्या अब्बांचं काम, तेच त्याने खेळात घातलं: मोटारीच्या खाचांमधून तांब्याची तार फिरवायची, एकही खाच सुटू द्यायची नाही, तारेवर तार चढू द्यायची नाही. फार वेळ खेळलं की कोपऱ्यातून एक ओढणीवाली बाई येते, चहा ठेवते आणि म्हणते, पुरे आता. ती मी. हा खेळ त्याने सगळ्यांसाठी खुला सोडला. कुणीही घ्या, कुणीही बदला, फक्त पहिल्याने बनवणाऱ्याचं नाव काढू नका, एवढीच अट. परक्या लोकांनी तो आपापल्या भाषेत नेला. आसिमचं नाव सगळीकडे राहिलं. तेव्हा मी नेमकी कुठल्या देशात चहा नेऊन ठेवत असते ते मला सांगता येणार नाही. या खेळावर कुणाचा हिस्सा नाही, माझाही नाही. म्हणून तो मृत्युपत्रात कुणाला देता येत नाही.

शेवटच्या महिन्यांत तो खेळात अस्माला घालत होता. दोन वेण्यांची मुलगी, तारेचं रीळ घेऊन पळणारी. अस्मा ते रोज बघायची. ते त्याने अजून बाहेर कुणाला दिलं नव्हतं. फक्त या यंत्रात होतं.

पाच. अफरोजबद्दल. आसिमच्या चाळिसाव्या दिवसानंतर अफरोजने कुणाला न विचारता यंत्र यवतमाळला एका मोबाईलवाल्याकडे नेलं आणि आतून साफ करून आणलं. विकून पैसे अस्माच्या शाळेला लावायचे होते, असं तो म्हणतो, आणि ते खरं आहे. घेणारं कुणी मिळालं नाही. आतलं सगळं गेलं. कुलूप असतं तर त्या मोबाईलवाल्याचा हात पोचला नसता, हेही मी लिहून ठेवते.

धम्मरत्न हा आसिमचा जिवलग, त्याच क्लासमध्ये शिकवतो. त्याने परदेशातल्या लोकांना लिहिलं आणि खेळ परत आणून यंत्रात घातला. देताना म्हणाला, "काकू, त्यानं जे वाटलं ते वाचलं. जे स्वतःपाशी ठेवलं ते गेलं." म्हणजे मी परत आले. दोन वेण्यांची मुलगी आली नाही. अस्मा वाटणीतून वगळलेली होतीच, आता इथूनही गेली. आसिम गेला तेव्हासारखंच त्या दिवशीही मला रडू आलं नाही. मी भाकरी केल्या. अफरोजला मी माफ केलं असं इथे लिहीत नाही, कारण केलेलं नाही. त्याच्याशी बोलणं सोडलं नाही, तेवढं पुरे. धम्मरत्न आता अस्माला प्रोग्राम लिहायला शिकवतो आहे. ती मुलगी खेळात परत घालायची की नाही, हे अस्माचं अस्मा ठरवील. तिला कुणी गळ घालू नये.

सहा. घर. दुकान, मधली खोली, मागची खोली, सगळं माझ्या नावावर. मागची खोली माझ्या मिळकतीच्या एक तृतीयांशात बसते. ती मी अस्माला देत आहे. यावर कुणाची हरकत चालणार नाही. पण मागच्या खोलीतून बाहेर यायला मधल्या खोलीशिवाय रस्ता नाही, आणि मागे भिंतीला लागून दुसऱ्याचं घर. मधली खोली धरली की एक तृतीयांशाच्या वर जातं. तेवढं वारसाने मान्य केलं तरच चालतं, आणि तेही माझ्या मृत्यूनंतर विचारायचं असतं. वकीलसाहेब म्हणाले, ठणठणीत आहात तोवर मधली खोली हिबा करा, म्हणजे जिवंतपणीच बक्षीस देऊन ताबाही द्या. मग अफरोजला विचारायचा प्रश्नच राहत नाही. मी नाही म्हटलं. मला एकच मुलगा उरला आहे. त्याच्याविरुद्ध दाराला कडी लावून मरायचं नाही. मधली खोली मी शगुफ्ताला देते, अफरोजच्या मर्जीवर ठेवून.

सात. वरच्या कलमातलं मधल्या खोलीचं तेवढं रद्द समजावं. का, ते लिहिते.

हे सगळं मी काल साक्षीदारांसमोर अफरोजला वाचून दाखवलं, पाचवं कलमही. घरात आम्ही आमची हिंदी बोलतो, पण धम्मरत्न आणि जुने पोस्टमन प्रेमसिंग समोर होते म्हणून तो मराठीत बोलला. सहाव्यावर म्हणाला, "अम्मी, मले आज विचाराल तं मी हो म्हणतो. उद्याचं मले नाही माहीत. दुकान बसत चाललं. उद्या मी कसा होईन, कोण सांगावं. माह्या मर्जीवर नका ठेवू." मी म्हटलं, माझा भरवसा आहे. तो म्हणाला, "माहा नाही." मग त्याने मधल्या खोलीतली माझी खाट एका बाजूने धरली आणि दुसऱ्या बाजूने मला धरायला सांगितली.

आम्ही ती दुकानात आणून ठेवली. मधली खोली काल दुपारपासून हिब्याने शगुफ्ताची आहे, ताबा दिला आहे. ती वजा केली तरी मागची खोली एक तृतीयांशातच बसते. आता स्वयंपाकाला आत जाताना मी तिला विचारून जाते. खाट ठेवल्यावर अफरोज मोटारींकडे तोंड करून उभा राहिला होता. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि मला रडू आलं. बराच वेळ आलं. हे कलम नाही, पण शुद्धीत असल्याचा पुरावा म्हणून लिहिलं आहे.

याआधी मी दुसरं मृत्युपत्र केलेलं नाही. यापुढे बदल करावासा वाटला तर मी स्वतः करीन. माझ्या नावाने दुसऱ्या कुणी करू नये.

ठिकाण: नेर, जिल्हा यवतमाळ
तारीख: ८ नोव्हेंबर २०१५

लिहून ठेवणार: शमसुन्निसा निजामुद्दीन

साक्षीदार:
१. धम्मरत्न, कॉम्प्युटर शिक्षक, नेर
२. प्रेमसिंग, निवृत्त पोस्टमन, नेर (यंत्राचं पार्सल यांनीच आणून दिलं होतं)

वारस म्हणून सही करण्याची गरज नाही असं सांगूनही, स्वतः मागून घेतलेली सही:
अफरोज निजामुद्दीन. वाचलं. पाचवं कलम खरं आहे.